डावीकडे काही नसतं

बेसिंगस्टोक,
९ मार्च २०२५

चि. निधी,

अनेक आशीर्वाद. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून तुला वाईट बातमीची शंका आली असेल, म्हणून आधीच सांगते की आम्ही दोघंही धडधाकट आहोत. पत्र अशासाठी की माझ्या फोनवर आलेला प्रत्येक मेसेज स्वयंपाकघरातल्या आयपॅडवर उमटतो, आणि तो आयपॅड कायम तुझ्या काकांच्या पुढ्यात असतो. फॅमिली ग्रुपवर टाकावं तर पाच मिनिटांत पुण्याहून तुझ्या बाबांचा फोन येणार. मला सध्या कोणाचंच सांत्वन नको आहे, माझ्या भावाचं तर नकोच नको.

गुरुवारी मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तिसऱ्यांदा नापास झाले.

हसू नकोस. पुण्यात मी पंधरा वर्षं स्कूटर चालवली आहे, ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडवरून चालवली आहे, आणि कोणाला साधं खरचटलंही नाही. इथे मात्र चौपन्नाव्या वर्षी मी ढ ठरले. विशेष म्हणजे मला गाडी येते. काका शेजारी असले की बेसिंगस्टोकचे सगळे राउंडअबाउट मी एकही चूक न करता पार करते, आणि आमच्या गावात ते किती आहेत हे तू पाहिलंच आहेस. गेल्या वर्षी मार्चपासून दर रविवारी काका मला शिकवतात. आधी बिझनेस पार्कच्या रिकाम्या कार पार्कमध्ये, मग रस्त्यावर. मी इन्स्ट्रक्टर लावू म्हटलं तर म्हणाले, "मी आहे ना." परीक्षेला परीक्षक बाजूला येऊन बसला की कुठे काय होतं ते मला कळत नाही. या वेळी तर त्याला मोठ्याने 'स्टॉप' म्हणावं लागलं.

हे सगळं मी एवढं मनाला का लावून घेते ते तुला सांगायला हवं. आमचं केअर होम गावाबाहेर आहे. माझी शिफ्ट सातला सुरू होते आणि पहिली बस येते आठ दहाला. अकरा वर्षं काका मला सोडत होते. नव्या वर्षापासून त्यांची कंबर धरली आहे. तेव्हापासून ते रीडिंगच्या ऑफिसलाही ट्रेनने जातात आणि स्टिअरिंगला हात लावत नाहीत. बाजूला बसून शिकवायला कंबर लागत नाही म्हणतात. सध्या मला अक्षया नेते, माझ्याबरोबर काम करणारी नागपूरची मुलगी. पण जूनअखेर ती आणि तिचा नवरा तुमच्या ब्रिस्टललाच राहायला जाणार आहेत. तोवर लायसन्स मिळालं नाही तर मला नोकरी सोडावी लागेल.

निधी, या देशात मी यतीनची बायको म्हणून आले. व्हिसावरही तेच लिहिलं होतं. त्या केअर होममध्ये मात्र मी सुहास आहे. नव्वदीच्या बायका सकाळी मला बघितल्याशिवाय चहा घेत नाहीत. ते सुटलं तर माझं म्हणून इथे काहीच उरणार नाही.

खटपट करून टेस्टची कोणीतरी रद्द केलेली एक तारीख मिळवली आहे, एकोणीस जूनची. आता तुझ्याकडे काम. तुम्ही लोक लॅबमध्ये म्हणे न दिसणारी चित्रं दाखवून माणसाला शिकवता. तशी मला गाडी शिकवता येते का ते सांग. मी रोज टीव्हीसमोर बसायला तयार आहे.

तुझी,
सुहास आत्या

*

ब्रिस्टल,
१५ मार्च २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. मी हसले नाही. शेवटच्या दोन ओळींना हसले, तेवढं चालेल.

टीव्हीसमोर बसवून तुला गाडी शिकवता आली असती तर मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी चाचपडत बसले नसते. आम्ही करतो ते असं. स्क्रीनवर एक अनोळखी चेहरा आणि त्याखाली एक व्यवसाय, समज 'शेतकरी', इतक्या कमी वेळ झळकवायचा की बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. आधी आणि नंतर नुसते ठिपके. विचारलं तर लोक शपथेवर सांगतात की ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. मग थोड्या वेळाने तेच चेहरे उघडपणे शिकवायचे. ज्यांना आता 'शेतकरी'च शिकवला ते पटकन शिकतात. ज्यांना त्याच चेहऱ्याखाली 'डॉक्टर' शिकवला ते अडखळतात. का अडखळतो हे त्यांना सांगता येत नाही. हा चेहरा डोक्यात बसतच नाही, एवढंच म्हणतात. म्हणजे उघड धडा सुरू व्हायच्या आधी एक न दिसलेला धडा झालेला असतो, आणि उघड धड्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं किंवा भांडावं लागतं.

आता तुझी गोष्ट. मला वाटतं तू रस्ता वाचत नाहीस, काकांना वाचतेस. शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाचा पाय नसलेल्या ब्रेकवर जातो, श्वास अडकतो, हात दाराकडे जातो. तू त्यांच्याकडे बघत नाहीस, पण तुझा मेंदू हे सगळं टिपतो आणि तुझा पाय ब्रेकवर जातो. तुला वाटतं की आपल्यालाच कळलं. परीक्षक मख्खासारखा बसतो, म्हणून परीक्षेत तुला काही कळत नाही.

याचा प्रयोग करता येईल. एका रविवारी काकांच्या पायांवर शाल घाल आणि रेडिओ मोठा लाव, म्हणजे त्यांचा पायही दिसणार नाही आणि श्वासही ऐकू येणार नाही. मग एका रविवारी शालीशिवाय. प्रत्येक वेळी काय झालं ते वहीत लिही. काकांना मात्र काही सांगू नकोस, नाहीतर ते सावध होतील. तिन्ही टेस्टमध्ये नेमकं कशासाठी नापास केलं तेही कळव.

खरं सांगू? माझे आकडे गेले चार महिने हवे तसे येत नाहीत आणि माझ्या गाइडबाईंचा चेहरा दिवसेंदिवस लांब होतो आहे. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा वाटलं की मी ज्याचा अभ्यास करते ते लॅबबाहेरही कुठेतरी जिवंत आहे. वाट बघते.

तुझी,
निधी

*

बेसिंगस्टोक,
६ एप्रिल २०२५

चि. निधी,

आशीर्वाद. तुझा सिद्धांत सपशेल आपटला आहे, तरी रागावू नकोस.

शालीचा रविवार पार पडला. काका म्हणाले, वा, आज बरी माझ्या पायांची काळजी. रेडिओ एवढा मोठा होता की सिग्नलला बाजूचा माणूस वळून बघत होता. मी नेहमीसारखीच गाडी चालवली, ना चांगली ना वाईट. मग मला वाटलं, शाल घातली की पाय मलाही दिसत नाही आणि तुलाही कळत नाही, हा कसला प्रयोग? म्हणून मी माझं डोकं चालवलं. दाणे संपलेली एक कडक प्लॅस्टिकची पिशवी होती, ती काकांच्या बाजूच्या मॅटखाली सरकवली. पाय दाबला की पिशवी चुरचुरणार. दोन रविवार तसे गेले. काका म्हणाले गाडीत कुठेतरी उंदीर शिरलाय. 

वहीतलं थोडक्यात देते. राउंडअबाउटला उजवीकडून गाडी आली की पिशवी आधी वाजते आणि माझा ब्रेक नंतर लागतो. एकोणीसपैकी सोळा वेळा. इथे तुझं म्हणणं बरोबर निघालं. पण डावीकडे काही असलं, कुत्रा घेऊन चाललेली बाई किंवा गल्लीतून तोंड काढणारी गाडी, तर आधी मी ब्रेक मारते आणि पिशवी मागाहून वाजते. कित्येकदा वाजतच नाही. अकरापैकी एकदाही ती माझ्याआधी वाजली नाही.

म्हणजे काय? म्हणजे डावीकडच्या बाबतीत त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. हे वहीत मांडलं तेव्हा खरं सांगते, मला फार बरं वाटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात भाताला शिट्या किती हे सोडून कुठल्याच बाबतीत त्यांनी माझ्यावर पूर्ण भरवसा ठेवलेला नाही.

आता माझी पापं. जुलैत झेब्रा क्रॉसिंगवर फुटपाथवरून एक बाबागाडीवाली उतरली, तिला मी पाहिलं नाही. नोव्हेंबरमध्ये डावीकडे वळताना एक सायकलवाला आत घुसला होता. गेल्या महिन्यात स्टॉपवरून बस निघत होती, तिला मी वाट दिली नाही. तिन्ही वेळा समोरच्याचीच चूक होती असं मला अजूनही वाटतं. काकांना प्रत्येक वेळी सांगितलं तर ते म्हणाले, असू दे, होतं असं.

काकांचं लक्ष सध्या जरा थाऱ्यावर नाही. परवा ताटाच्या डावीकडची चटणी आणि कोशिंबीर तशीच ठेवून उठले. आवडली नाही का विचारलं तर गडबडले आणि उभ्याउभ्याच खाल्ली. ऑफिसमध्ये माणसं कमी करतायत, त्याचाच ताण असणार. तू आलीस की गोडाचं काहीतरी करू.

तुझी,
सुहास आत्या

*

ब्रिस्टल,
९ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

हे पत्र एकटी असताना वाच आणि पूर्ण वाचून होईपर्यंत उठू नकोस. मी दोनदा फोन उचलून ठेवून दिला. तू स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर टाकून बोलतेस हे मला माहीत आहे.

तुझ्या तिन्ही चुका डाव्या बाजूच्या आहेत. बाबागाडी, सायकल, बस, सगळं डावीकडून आलं. पिशवीही डावीकडच्या गोष्टींसाठी कधीच आधी वाजली नाही. आत्या, काका तुझ्या डाव्या हाताला बसतात. फुटपाथ त्यांच्या खिडकीला लागून असतो. त्या बाजूचं त्यांना तुझ्याआधी दिसायला हवं. विश्वास असलेल्या माणसाचाही पाय आपोआप हलतो, तो थांबवता येत नाही. हलत नाही याचा अर्थ मला एकच लागतो. त्यांना तिथलं दिसत नाही. ताटातल्या चटणीचं वाचलं आणि मी वाचायची थांबले.

तू वर्षभर त्यांच्या शेजारी बसून शिकलीस. त्यांनी तोंडाने तुला आरसे बघायला शिकवलं, डावा-उजवा दोन्ही. पण त्याच वेळी त्यांचं अंग तुला दुसरंच शिकवत होतं. उजवीकडे धोका असतो आणि डावीकडे काही नसतं. ते तू शिकलीस, आणि फार चांगलं शिकलीस. तू ढ असतीस तर पास झाली असतीस.

रविवारी ब्रेक मारलेस ते मग कसे? तू वही घेऊन मुद्दाम बघत होतीस म्हणून. परीक्षेच्या घाईत मुद्दाम बघणं सुटतं आणि खालचं शिकलेलं वर येतं.

माझा अंदाज चुकीचा असेल तर मला आनंद होईल. पण काकांचे डोळे तपासून घ्यायला हवेत, या आठवड्यातच. तोवर त्यांना शेजारी बसवून गाडी बाहेर काढू नकोस. शिकवणाऱ्यालाही नीट दिसायला हवं असा इथला नियम आहे, आणि नियम नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

आणि मला माफ कर. तू नोकरी जाईल म्हणून लिहिलंस आणि मी त्याचा खेळ केला, काकांना सांगू नकोस म्हणाले. मला उदाहरण हवं होतं.

निधी

*

बेसिंगस्टोक,
२१ एप्रिल २०२५

चि. निधी,

आशीर्वाद. तुला या पत्त्याखाली माझं अक्षर अपेक्षित नसेल. मी यतीनकाका.

तुझं पत्र आलं त्या शनिवारी सुहासने ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि ती कामावर गेली. काही बोलली नाही. आज नववा दिवस आहे. जेवायला वाढते, डोळ्यांत थेंब टाकायची वेळ झाली की बाटली पुढे सरकवते, पण बोलत नाही. म्हणून हे तुला लिहितो आहे.

तुझा अंदाज बरोबर आहे. मला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना, जास्त करून डाव्या अंगाला. गेल्या ऑक्टोबरमध्ये चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा ऑप्टिशियनने सांगितलं आणि हॉस्पिटलकडे पाठवलं. लोकांना वाटतं तिथे काळं दिसत असेल. तसं नसतं. रस्ता दिसतो, फुटपाथ दिसतो. मेंदू बाकीचं जुळवून टाकतो. फक्त त्यावर चालणारा माणूस नसतो. म्हणून इतके दिवस मला स्वतःलाही पत्ता लागला नाही.

सुहासच्या पहिल्या टेस्टच्या वेळी मला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या टेस्टच्या आधी महिनाभर कळलं होतं. तिसऱ्या वेळी सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी लायसन्सच्या ऑफिसला कळवायला सांगितलं होतं. मी ते लांबवलं. कळवलं असतं तर माझं लायसन्स गेलं असतं आणि तिला शिकवायला कोणी उरलं नसतं. ती एकदा पास होऊ दे, मग सगळं सांगू, असा माझा हिशेब होता. नव्या वर्षापासून मी स्वतः गाडी चालवणं सोडलं. कमरेचं खोटं सांगितलं. आपल्याकडून कोणाला धोका नको, एवढं पुरेसं आहे असं मला वाटलं. शेजारी बसण्यात काय धोका आहे, असंही वाटलं.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मी तिला शिकवतो आहे या समजुतीत होतो आणि माझा आजार तिला शिकवत होता. इंजिनिअर माणूस मी, तिन्ही रिपोर्ट माझ्या हातात होते. मला दिसायला हवं होतं, आणि हे दिसायला डोळे लागत नव्हते.

तुझ्यावर थोडा रागही आला, तो लपवत नाही. बायकोने नवऱ्याला न सांगता त्याच्यावर प्रयोग करावा हे तू तिच्या डोक्यात घातलंस. मग लक्षात आलं की तिला लपवाछपवी मी आधी शिकवली.

लायसन्स मागच्या सोमवारी पोस्टाने परत पाठवलं. माझा एकच प्रश्न आहे. न कळत शिकलेलं पुसता येतं का? येत असेल तर कसं ते तिला लिही. माझं ती आता ऐकणार नाही, आणि ते योग्यच आहे.

तुझा,
यतीनकाका

*

ब्रिस्टल,
२७ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

काकांचं पत्र आलं. तू बोलत नाहीस हेही त्यात होतं. त्याबद्दल मी तुला काही सांगणार नाही, ते तुमच्या दोघांचं आहे.

त्यांनी विचारलं की न कळत शिकलेलं पुसता येतं का. मला खरं उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी गाइडबाईंकडे गेले. त्यांनी मलाच विचारलं, तुझे आकडे काय म्हणतात? आणि मला कळलं की माझे आकडे काहीच म्हणत नाहीत. ज्यांना आम्ही आधी 'शेतकरी' दाखवला आणि मग 'डॉक्टर' शिकवला, ते पहिल्या दिवशी अडखळले. तेवढं आम्ही मोजलं आणि त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी काय झालं ते आम्ही कधी बघितलंच नाही. माझ्या तीन वर्षांच्या कामात माणूस नंतर काय करतो याला जागाच नाही.

त्यामुळे हे शास्त्र म्हणून नाही, तुझी निधी म्हणून सांगते. पुसलं जात नसावं. पण त्याच्यावर दुसरं इतकं घट्ट लिहिता येत असावं की खालचं वर येऊ नये. खालचा धडा मुका आहे, त्याला फक्त सवय माहीत आहे. तू बोलू शकतेस. इथले इन्स्ट्रक्टर एक पद्धत वापरतात. चालवताना जे दिसेल ते मोठ्याने बोलत जायचं. तू फक्त डावीकडचं बोल. दिसेल ती प्रत्येक गोष्ट, कचऱ्याच्या डब्यापासून माणसापर्यंत. मराठीत बोल, तुझा मेंदू मराठीत घाबरतो. कंटाळा येईल, वेडगळ वाटेल, तरी बोल.

चांगली इन्स्ट्रक्टर शोध. जवळजवळ आठ आठवडे आहेत. आणि आता मी आकडे मागणार नाही, तू पास झालीस की नापास एवढंच कळव. तेही मनात आलं तर.

तुझी,
निधी

*

बेसिंगस्टोक,
२९ जून २०२५

चि. निधी,

अनेक उत्तम आशीर्वाद. दोन महिने उत्तर दिलं नाही. आधी रागात होते, मग वेळ नव्हता.

तुझ्यावरचा राग लवकर गेला. काकांवरचा कशाचा होता ते आधी मलाही धड कळेना. डोळ्यांचा नव्हता. डोळ्यांचं कळलं त्या दिवशी मी केअर होमच्या लिनन रूममध्ये जाऊन रडले, अक्षया बाहेर उभी राहिली. लायसन्स ऑफिसला कळवलं नाही याचाही राग होता, पण तो मोठा नव्हता. राग होता तो नोव्हेंबरचा आणि मार्चचा. मी नापास होऊन घरी यायची, डबे आपटायची, म्हणायची की माझ्या डोक्यात भुसा भरलाय, वय झालं, मला झेपणार नाही. आणि समोर बसलेल्या या माणसाला माहीत होतं की आपल्याला डावीकडचं दिसत नाही. तरी तो म्हणाला, असू दे, होतं असं. दोनदा. मी स्वतःला ढ समजत राहिले आणि त्यांनी समजू दिलं. हे मी त्यांना विसाव्या दिवशी सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. स्वतःची बाजू मांडली नाही, एवढं एक बरं केलं.

मग मी नीनाला धरलं. ती इन्स्ट्रक्टर आहे, पन्नाशीची, जन्म इथलाच, आईवडील साताऱ्याचे. पहिल्या दिवशी तिला सगळं सांगितलं, अगदी पिशवीसकट. ती म्हणाली, "काकू, नो प्रॉब्लेम. माझी आई पण लेट शिकला." मी मराठीत बडबडत गाडी चालवणार हे तिला चाललं. डावीकडे लाल मोटार, डावीकडे शाळा, डावीकडे म्हातारा, म्हाताऱ्याच्या हातात काठी. पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. आणि निधी, दिसायला लागलं की कळतं किती होतं. मी वर्षभर त्याच रस्त्यांवरून गेले होते आणि अर्धं गाव मी बघितलंच नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एक पोरगा दोन गाड्यांमधून आला, आणि 'डावीकडे' असं तोंडातून निघायच्या आधी माझा पाय ब्रेकवर होता. नीना म्हणाली, आता मनात बोललात तरी चालेल. मी ऐकलं नाही.

घरीही सवय लागली. काकांच्या डावीकडे पायरी असली की माझ्या तोंडून आपोआप निघतं. त्यांनी कधी सांग म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. आता मी त्यांच्या डाव्या अंगाला चालते.

एकोणीस तारखेला मी पास झाले. परीक्षकाने शेवटी विचारलं की मी पूर्ण वेळ कोणत्या भाषेत बोलत होते. मी म्हटलं, मराठी, आणि त्यातला एकही शब्द तुमच्याविषयी नव्हता. तो हसला नाही, पण कागद दिला. अक्षया परवा ब्रिस्टलला गेली. तुझा नंबर दिला आहे, तिला घर लावायला मदत कर. उद्या सकाळी साडेसहाला मी एकटी निघणार.

काल मात्र काकांची डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, शनिवारचं क्लिनिक. पास झाल्यावर ते पहिल्यांदाच माझ्या गाडीत बसले. मागे बसतो म्हणाले. मी म्हटलं, पुढे बसा. गाव मागे पडलं. मग रस्ता अरुंद झाला, दोन्हीकडे झाडी, आणि मी सवयीने सुरू झाले. डावीकडे पांढरी व्हॅन. डावीकडे फाटक, उघडं आहे. काका म्हणाले, मोठ्याने बोल, मलाही ऐकू दे. मग मी आणखी बारीक सांगायला लागले, परीक्षेला लागतं त्याच्याही पलीकडचं. भिंतीवरचा वेल, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खुर्ची टाकून बसलेली बाई, तिचा चहाचा मग. ते मान न वळवता ऐकत होते.

अकरा वर्षं ते मला याच रस्त्याने कामावर न्यायचे. त्यातली किती वर्षं त्यांना हे सगळं दिसत होतं, मला विचारवलं नाही.

डावीकडे पोस्टाची पेटी, मी म्हटलं. डावीकडे घोडा, दोन घोडे, एक पिल्लू. मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. डावीकडे सायकलवाली, हिरवं जाकीट.

 काका म्हणाले, "कळलं. पुढचं सांग."

मी सांगितलं, थेट हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

तुझी,
सुहास आत्या